रोज आठ किलोमीटर ये-जा करण्यासाठी डिझेल पिकअप घ्यावी का?

आपले कामाचे ठिकाण घरापासून आठ किलोमीटरवर आहे, महिन्यातून एक-दोनदा अवजड सामान न्यावे लागते, पिकअपचा दणकटपणा मनात भरला आहे, आणि दोन-तीन वर्षे वापरलेली डिझेल पिकअप रोजच्या वापरासाठी घ्यावी का व घेताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. आठ किलोमीटरसाठी डिझेल घेऊ नका. हौदा खरोखरच हवा असेल तर पेट्रोलवर चालणारी पिकअप शोधा, आणि महिन्यातून एक-दोनदाच हवा असेल तर त्या दिवसापुरती गाडी भाड्याने घ्या. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. माझे रोजचे अंतर तर सहाच किलोमीटर होते, आणि त्या सहा किलोमीटरांनी मला जे शिकवले ते गाडी घेण्याआधी कोणी सांगितले असते तर एका घरातले दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी तुटक बोलले नसते.

माझा थोरला भाऊ, ज्याला घरात सगळेच दादा म्हणतात, व्यवसायानिमित्त रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर हमरस्त्याने जातो. त्याच्या डिझेल पिकअपने तीन लाख किलोमीटर ओलांडले तरी इंजिन उघडावे लागले नव्हते, त्यामुळे मी गाडी बदलायची म्हटल्यावर त्याने दुसरा कोणता पर्याय ऐकूनच घेतला नाही. डिझेलचे इंजिन म्हणजे आयुष्यभराची सोबत, हे त्याचे वाक्य. त्याचा अनुभव खोटा नव्हता, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. पण तो अनुभव दोनशे किलोमीटरांचा होता आणि गाडी मी सहा किलोमीटरांसाठी घेत होतो, हा फरक आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नाही.

पहिले चार महिने मी खूश होतो. इंजिनाच्या मिनिटाला पंधराशे ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान डिझेलची जी ओढ मिळते ती पेट्रोलच्या गाडीतून आलेल्या माणसाला सुखावते. चढावर गिअर उतरवावा लागत नाही आणि भरलेला हौदा जाणवतही नाही. मग एक गोष्ट वारंवार होऊ लागली. घरी पोहोचून मी गाडी बंद करी, किल्ली काढी, आणि तरीही पुढचा पंखा जोरजोरात फिरत राही. गाडीखालून तापलेल्या लोखंडासारखा उग्र वास येई. कधी सिग्नलला उभा असताना इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा थोड्या वाढलेल्या दिसत. गाडी तेव्हा धुराच्या फिल्टरात साठलेली काजळी जाळायचा प्रयत्न करत होती आणि मी दर वेळी तिला अर्ध्यातच बंद करत होतो, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. एका रविवारी मी बॉनेट उघडून ऑईलची पट्टी पाहिली, तर तेल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेलेले होते. दादा शेजारीच उभा होता. तो समाधानाने म्हणाला, "बघ, तेल पीत नाही हे इंजिन, थेंबसुद्धा जाळलेला नाही." मलाही बरे वाटले. इंजिनात तेल आपोआप वाढत नसते, एवढा साधा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही.

पुढच्याच महिन्यात बहिणीचे घरसामान हौद्यात भरून नेताना ऐन चढावर पिवळा दिवा लागला, गाडीची ताकद गेली आणि फेऱ्या एका मर्यादेवर चढेनात. मागे वाहनांची रांग, हौद्यात कपाट आणि गाद्या, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या कडेने. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली तिथे आधी एक सेन्सर बदलला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागल्यावर पूर्ण फिल्टर बदलावा लागेल असे सांगितले, आणि त्याचा आकडा माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. गाडी रोज किती चालते, हे तिथे एकानेही विचारले नाही. ते विचारले एका वयस्क मेकॅनिकने. त्याने पट्टी काढली, तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चोळला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. डिझेलचा वास स्वच्छ येत होता. "साहेब, रोज किती किलोमीटर?" एवढेच त्याने विचारले. मी सहा म्हणालो, तेव्हा त्याने मान हलवली आणि पट्टी पुसून जागेवर ठेवली.

त्याने जे समजावले ते थोडक्यात असे. डिझेलच्या धुरातली काजळी सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या फिल्टरात, म्हणजे डीपीएफमध्ये, अडकते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडीचा संगणक इंधनाचा जादा फवारा उशिरा सोडून धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि ती जाळून टाकतो. या कामाला बऱ्यापैकी वेगात सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी चालावी लागते. डिझेलचे इंजिन पेट्रोलच्या मानाने उष्णता कमी वाया घालवते आणि म्हणूनच उशिरा तापते. सहा किलोमीटरांत ते पुरते गरमही होत नाही, तोवर आपण उतरून गेलेलो असतो. फवारा अर्धवट राहिला की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून तेलात मिसळते. माझे तेल वाढले होते ते यामुळे. असे पातळ झालेले तेल बेअरिंग आणि टर्बोला नीट वंगण देत नाही, म्हणजे ज्या इंजिनाला आम्ही निर्व्यसनी समजत होतो ते आतून झिजायला लागले होते.

फिल्टर काढून, भट्टीत तापवून आणि हवेच्या झोताने साफ करून देता येतो, आणि त्याचा खर्च नव्या फिल्टरच्या मानाने बराच कमी येतो. मी तेच करायचे ठरवले. पण दादाचे म्हणणे वेगळे होते: फिल्टर काढूनच टाक, त्या जागी पोकळ नळी बसव आणि संगणकात बदल करून घे, म्हणजे कायमची कटकट मिटेल, सगळेच करतात. मी नाही म्हणालो. त्याला वाटले की मी पुस्तकी बोलतो आहे, आणि तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरही आम्ही दोघे गप्प होतो.

त्या वेळी मला नीट मांडता आले नव्हते, म्हणून आज मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग होऊ शकणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. ही काजळी डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी सूक्ष्म असते आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. माझी गाडी रोज सकाळी ज्या खिडकीखाली सुरू होते, त्या खिडकीत आमची आई बसते. ती दादाचीही आई आहे. फिल्टर साफ करायला माझे पैसे गेले, पण पोकळ नळी बसवली असती तर त्याची किंमत माझ्याऐवजी तिने मोजली असती, आणि हा हिशेब मला कोणत्याही भावात मान्य नव्हता. शिवाय हे बेकायदाही आहे. अमेरिकेत अशी छेडछाड क्लीन एअर ॲक्टखाली निषिद्ध आहे, आणि ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2014 पासून मुळात फिल्टर असलेल्या गाडीत तो जागेवर नसेल तर ती वार्षिक तपासणीत नापास होते. "सगळेच करतात" हे मला कधीच उत्तर वाटले नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. माझे ऐकूनही आपण डिझेलच घेणार असाल, तर गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की ती सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर आणि रेडिएटरच्या नळीवर हात ठेवा. ती कोमट लागली तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा, कारण थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन लपवते. एकाच सेल्फला सुरू होते का, सुरू झाल्यावर पांढरा धूर किती वेळ राहतो, निळसर छटा आहे का, हे पाहा. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. फिल्टर धड असेल तर नळी आतून कोरडी आणि राखाडी लागते. बोट काजळासारखे काळे झाले, तर फिल्टर फुटलेला आहे किंवा कोणीतरी काढून टाकलेला आहे, आणि मग ती गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. ऑईलची पट्टी काढा आणि तिचा वास घ्या. तेल खुणेच्या वर असेल तर "नुकतेच बदलले आहे" या खुलाशावर समाधान मानू नका. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून शेवटची काजळी-जाळणी किती किलोमीटरांपूर्वी पूर्ण झाली हे वाचता येते. ज्या मेकॅनिककडे ते यंत्र आहे त्याला सोबत न्या, त्याची मजुरी वाया जाणार नाही.

गाडीखाली वाकून चासी नीट पाहायला विसरू नका. गंज वरून रंगवलेला असतो, म्हणून मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे अडकवलेले असतात तिथे लहान हातोडीने ठोकून आवाज ऐका. पाटे पार सपाट झाले असतील तर गाडीने क्षमतेबाहेरचे वजन वाहिलेले आहे. धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण लागणारे मॉडेल असेल तर त्याच्या टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे जमले आहेत का तेही पाहा. ते द्रावण संपले की बहुतेक गाड्या आधी इशारा देतात आणि नंतर सुरू होण्यास नकार देतात. तेल मात्र फिल्टरसाठी नेमून दिलेले कमी राखेचेच वापरा, कारण काजळी जळते पण तेलातल्या घटकांची राख जळत नाही, ती फिल्टरात कायमची साठते.

रोजच्या वापराबद्दलही थोडे सांगतो, कारण दालनात उभी असलेली पिकअप आणि रोज चालवायची पिकअप यांत अंतर आहे. दोन दरवाजांच्या जोड्या असलेल्या मध्यम आकाराच्या पिकअपची लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास असते. गाडी उभी करण्याची आपली जागा आजच मोजून पाहा. मागचे पाटे सुमारे टनभर वजनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे हौदा रिकामा असताना खड्ड्यावर मागची बाजू उसळते आणि मागे बसलेल्यांचे हाल होतात. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके चटकन सरकतात. बहुतेक पिकअपमधली फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर वापरायची नसते, कारण तिथे पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि सगळा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. ॲव्हरेजचे म्हणाल तर एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते आणि इंजिनही ती अधिक चांगली वापरते, पण दोन टनांचे धूड थंड इंजिनाने आठ किलोमीटर ओढताना त्यातला बराच फायदा विरून जातो.

एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. आपले रोजचे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरांचे असेल, त्यातला निदान अर्धा भाग मोकळ्या रस्त्याचा असेल, किंवा आपण नेहमी मागे ट्रेलर ओढत असाल, तर वरचे सगळे उलटे होते. तिथे डिझेलला तोड नाही आणि मी स्वतः पुन्हा डिझेलच घेईन. छोट्या फेऱ्यांसोबत आठवड्यातून एकदा मुद्दाम अर्धा तास हमरस्त्याने गाडी नेणारेही आहेत आणि त्यांचे फिल्टर टिकतात, पण ही शिस्त वर्षानुवर्षे पाळणे सोपे नाही. फिल्टर येण्यापूर्वीच्या जुन्या डिझेल गाड्यांना हा त्रासच नाही हेही खरे. त्यांच्या धुराबद्दल माझे मत वर आलेच आहे.

माझी गाडी मी दीड वर्षाने विकली. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी किलोमीटर विचारले, टायर पाहिले आणि भावाची बोलणी सुरू केली. ती गाडी रोज कुठून कुठे जात होती हे त्यांनी विचारले नाही, म्हणून मीच त्यांना बसवून फिल्टरची सगळी हकीकत सांगितली आणि सफाईची पावती हातात दिली. त्यांचे रोजचे अंतर जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होते. त्यांनी गाडी घेतली. दोन वर्षांनी भेटले तेव्हा मी पहिल्यांदा दिव्याचेच विचारले, तर त्यांनी सांगितले की तो दिवा त्यांनी अजून पाहिलेला नाही. गाडी तीच होती आणि फिल्टरही तोच होता. दादा मात्र अजून म्हणतो की मला मिळालेली गाडीच मुळात खराब होती.