साथ, लागण, संसर्ग... एकच का?

प्रश्न असा आलाय की "साथीचा रोग आणि संसर्गजन्य रोग एकच ना, मग दोन शब्द कशाला?"

एकच नाही हो. आधी क्रियापदं बघा. लागण होते माणसाला, साथ येते गावात. "मला गोवराची लागण झाली" कोणीही म्हणेल, पण "मला गोवराची साथ झाली" असं तापात बरळतानाही कोणी म्हणणार नाही. साथ ही अख्ख्या वस्तीची अवस्था असते, एकट्यादुकट्याची नाही. एपिडेमिकमधला ग्रीक 'डेमॉस' म्हणजे लोकच.

बरं, किती पेशंट झाले की साथ? ठरलेला आकडा नाही, त्या ठिकाणी त्या दिवसांत एरवी जेवढे असतात त्याच्यापेक्षा ठळक जास्त झाले की साथ. म्हणून जिथून पोलिओ गेलाय तिथे एक पेशंट सापडला तरी पळापळ होते आणि मलेरिया जिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय तिथे शेकड्याने पेशंट असले तरी तेवढ्यावरून साथ म्हणत नाहीत.

आता संसर्गजन्य. इथे खरी गोची आहे, कारण संसर्ग म्हणजे मुळात संपर्क, आणि आपण जंतू शरीरात शिरण्यालाही संसर्गच म्हणतो. धनुर्वात घ्या, जखमेत माती गेली, तिच्यातून जंतू शिरले, म्हणजे संसर्ग झाला, पण त्या पेशंटची रात्रंदिवस सेवा करणाऱ्याला तो लागत नाही! मग त्याला संसर्गजन्य म्हणायचं की नाही? मी सरळ 'जंतूंमुळे होणारा' आणि 'एकमेकांपासून लागणारा' असं फोडून लिहितो, लांबलचक होतं पण वाद मिटतो.

राहता राहिलं साथरोगशास्त्र, म्हणजे एपिडेमिऑलॉजीचं मराठी नाव. नाव छान आहे, थोडं तोकडं आहे इतकंच. 1854 मध्ये लंडनला डॉक्टर जॉन स्नोने कॉलऱ्याने कुठल्या घरात किती मेले ते मोजून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं, तेही कॉलरा कुठल्या जंतूने होतो हे डॉक्टरमंडळींना माहीत नसताना, तिथवर हे नाव चपखल बसतं. पण 1950 मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी अशीच मोजदाद करून सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तेही याच शास्त्रातलं काम, आणि कॅन्सरची कसली आलीय लागण? रोगप्रसारशास्त्र म्हणावं तरी तीच अडचण, म्हणून मी आपलं एपिडेमिऑलॉजीच लिहितो.