कणसाला बुरशी लागली तर मक्याचं किती नुकसान होतं? तो मका जनावरांना घातला तर चालतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: बुरशीनं उत्पन्न किती घटतं, आणि डागी दाणे काढून बाकीचा मका गाईंना घातला तर चालेल का. आमचा सिल्लोडकडे खरिपाचा मका असतो आणि परतीच्या पावसाशी दरवर्षी गाठ पडते, म्हणून अनुभवातून सांगतो.

घटीचा एकच आकडा कुणी देऊ शकणार नाही. बुरशी कोणती आणि कधी लागली, त्यावर सगळं आहे. कणीस सोलून बघा. बुडाकडून वर चढत गेलेला पांढरा कापसासारखा थर दिसला, तर ती डिप्लोडिया. ती लवकर लागली की अख्खं कणीस हलकं होतं, ते गेलंच म्हणायचं. इथेतिथे एकेक दाणा गुलाबी-पांढरा, किंवा दाण्याच्या टोकातून पांढऱ्या रेषा फुटलेल्या, तर फ्युजारियम. आणि हिरवट-पिवळी भुकटी, बहुतेक शेंड्याला अळीनं कुरतडलेल्या जागी, ती अ‍ॅस्परजिलस. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आल्यापासून बुरशीला कणसात शिरायला वाट आयतीच मिळते. दाणे भरताना ताण आणि ऊन पडलं की अ‍ॅस्परजिलस जोर धरते.

वजनातली तूट निदान काट्यावर दिसते. बुरशी दाण्याचं अंकुर खाते, मग तेल कमी, उगवण कमी, दाणा हलका आणि मळताना भुगा जास्त. मला खरी काळजी वाटते ती विषाची. अ‍ॅस्परजिलसचं अफ्लाटॉक्सिन आणि फ्युजारियमचं फ्युमोनिसिन डोळ्यांना दिसत नाही. फ्युजारियम तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही असते. भाकरी कितीही खरपूस भाजा, अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही.

१९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी गावांत काविळीची साथ आली. शंभरावर माणसं दगावली, गावातली कुत्रीही मेली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोकांनी तोच मका खाल्ला होता. हे वाचल्यापासून बुरशीचा मका मी हलक्यात घेत नाही.

माझी चूकही सांगतो. दोन वर्षांपूर्वी कणसं काढून ढीग घातला आणि पाऊस आला म्हणून चार दिवस ताडपत्री टाकून ठेवली. उघडून आत हात घातला तर चांगलाच गरम, दमट, आंबूस वास. आडतीवर व्यापाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर घेऊन दोन फोडले, आतलं काळं अंकुर दाखवलं आणि भाव पाडला. तो बरोबरच होता. उरलेला भुगा मात्र मी गाईंना घातला, आणि ते नको होतं. चाळणीखाली पडणाऱ्या तुकड्यांत आणि भुग्यातच विष सगळ्यात जास्त असतं. अफ्लाटॉक्सिन खाल्लेल्या गाईच्या दुधात त्याचा अंश एक-दोन दिवसांतच उतरतो, आणि ते दूध घरातली लेकरं पितात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. दुभत्या गाईला, कोंबड्यांना, बदकांना तर मुळीच नाही, घोड्याला फ्युमोनिसिन जिवावर बेततं. निवडून, चाळून विष बरंच कमी होतं हे खरं, पण किती उरलं ते तपासणीशिवाय कळत नाही. बुरशीची कणसं मळणीआधीच वेगळी काढा आणि पुरून टाका.

यंदासाठी एवढं करा: कणसं ढिगात ठेवू नका, पातळ पसरा, ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या.