कंबोडियात पाच दिवसांत अंगकोरची मंदिरं, स्वयंसेवा आणि बाजार हे सगळं कॉलेजच्या २८ मुलांना कसं जमवायचं?

जमतं. पण आधी अंगकोरचा पास कसा चालतो ते समजून घ्या, कारण अख्खं वेळापत्रक त्यावर बसवायचं आहे. एका दिवसाचा पास ३७ डॉलरला, तीन दिवसांचा ६२ ला. हे तीन दिवस सलग असावे लागत नाहीत, १० दिवसांतले कुठलेही तीन चालतात. तेव्हा पहिला, तिसरा आणि पाचवा दिवस मंदिरांना द्या, मधले दोन काम आणि बाजाराला. ओळीने मंदिरंच दाखवली की दुसऱ्या दुपारपर्यंत पोरांना सगळे दगड सारखेच दिसायला लागतात.

पासवर ज्याचा त्याचा फोटो असतो, त्यामुळे सरांनी एकट्याने जाऊन सगळ्यांची तिकिटं आणायची सोय नाही. निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढा. मंदिराच्या दारात तिकीट मिळत नाही, तपासणी मात्र प्रत्येक ठिकाणी होते. मोठ्या बसचाही मोह टाळा. अंगकोर थोम या जुन्या तटबंदीच्या नगरीचे दरवाजे अरुंद आहेत, दोन मिनीबस बऱ्या.

अंगकोर वाट पहाटे पाचला उघडतं, बाकीची बहुतेक मंदिरं साडेसातला. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य शिखरांच्या मागून उगवतो. फोटो झाला की गर्दी नाश्त्याला पांगते, आणि नेमकं तेव्हाच आत शिरायचं. पश्चिमेच्या ओवरीत, दक्षिण बाजूला कुरुक्षेत्र कोरलेलं आहे. शरशय्येवरचे भीष्म मुलांना स्वतः शोधू द्या, मार्गदर्शकाने बोट दाखवायच्या आत कुणीतरी ओरडतंच. मग पूर्वेला समुद्रमंथन: एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू. या दोन भिंतींना दीड तास द्या, बाकीच्या धावत पाहिल्या तरी चालेल. सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे बाकानवर, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी टाकून भागत नाही, परत पाठवतात. बौद्ध उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी तो मजला बंद असतो, तेव्हा तारखा ठरवतानाच बघा. अकराला हॉटेलवर परत, तीनला बायोन मंदिर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही दुपारचं ऊन मुलांना पाडतं. बांतेय स्राय मंदिर (इ. स. ९६७) सिएम रीप शहरापासून ३० किलोमीटरहून लांब आणि आकाराने अगदी छोटं आहे. तिथे अठ्ठावीस जण एकदम नेऊ नका, दोन तुकड्या करा.

आता स्वयंसेवा. इथेच बहुतेक सहली घसरतात. अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळणं, एक दिवस इंग्रजी शिकवणं असलं काही एजंटने सुचवलं तर सरळ नाही म्हणा. कंबोडियातल्या अनाथाश्रमांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. तुमच्या एका दिवसाने मुलाला काही मिळत नाही, आश्रम मात्र चालू राहतो. त्याऐवजी रक्तदान करा. सिएम रीपमधलं जयवर्मन सातवा बालरुग्णालय (कान्था बोफा) मुलांवर मोफत उपचार करतं आणि पर्यटकांकडून रक्त घेतं. अठरा पूर्ण असलेल्यांनाच न्या, आणि रक्तदानानंतरच्या दिवशी पहाटे मंदिर असेल तर नको. अपोपो संस्थेच्या केंद्रात उंदीर वासावरून भूसुरुंग कसे शोधतात ते बघता येतं. ही सेवा नव्हे, पण त्या देशात काय घडलं हे मुलांना व्याख्यानापेक्षा तिथे जास्त कळतं. अंगमेहनतीचंच काम हवं असेल तर संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: काम नेमकं काय, तुम्ही नसता तर ते कोण करतं, आणि टुरिस्ट व्हिसावर ते चालतं का. दुसऱ्या प्रश्नाला ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं तर ते काम तुमच्यासाठीच उभं केलेलं आहे.

बाजारासाठी प्सार चास या जुन्या बाजारापेक्षा सकाळी सातचा प्सार लू बाजार निवडा. प्सार चासचा बराचसा भाग पर्यटकांसाठी आहे, प्सार लूमध्ये गावकरी मासे-भाजी घेतात. चार-चार जणांच्या गटाला ४०,००० रिएल, म्हणजे साधारण १० डॉलर द्या आणि पाच वस्तूंची यादी: ताडगूळ, मिरी, क्रामा (चौकटीचं सुती उपरणं) वगैरे. डॉलर सगळीकडे चालतात, पण कोपरा फाटलेली नोट कुणी घेत नाही आणि डॉलरखालची मोड रिएलमध्येच मिळते. भाव करताना हसत करा. आवाज चढला की विक्रेता गप्प होतो आणि सौदा तिथेच संपतो.

शाकाहारी मुलांसाठी नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस असतो. तो नको हे ख्मेर भाषेत कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकाच्या खिशात ठेवा. उरलेले रिएल मात्र विमानतळावर पोचायच्या आत संपवा, भारतात ते बदलून मिळत नाहीत.