जाहिरातीत ‘जीटी’ लिहिलंय, गाडीत आहे का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दलची निघाली, म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार दादा, कॉलेजपासून फोर्ड मस्टँगचं वेड आहे, आता कुठे हातात थोडे पैसे आलेत. पेनसिल्व्हेनियात एक १९६५ ची हार्डटॉप विकायला आहे, लाल, जाहिरातीत ‘ओरिजिनल जीटी, नंबर्स मॅचिंग, फुल्ली रिस्टोअर्ड’ असं आहे. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) ५टी०७सी ने सुरू होतो. बायको म्हणते एवढ्यात नवीन गाडी येईल. काय काय बघू?

उत्तर: वहिनींचं बरोबरच आहे, पण तो विषय तुमच्या घरातला, मी मध्ये पडत नाही. व्हीआयएन पाठवलात ते मात्र फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल, टी म्हणजे मेटचेनचा प्लांट, ०७ म्हणजे हार्डटॉप, आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८, टू-बॅरल कार्ब्युरेटरवालं, २०० हॉर्सपॉवरचं. आता गंमत बघा, फोर्डने त्या वर्षी जीटी, म्हणजे स्पोर्टी सामानाचं पॅकेज, दिलं ते फक्त फोर-बॅरलच्या दोन इंजिनांवर, ए कोड आणि के कोड. सी कोडची जीटी फॅक्टरीतून बाहेर पडलेलीच नाही. म्हणजे ग्रिलमधले फॉग लॅम्प, दाराखालच्या पट्ट्या, मागच्या व्हॅलन्समधून (बंपरखालच्या पत्र्यातून) बाहेर काढलेले एक्झॉस्ट, जे काय असेल ते नंतर कोणीतरी कॅटलॉगमधून मागवून बसवलंय, सगळे पार्ट नवे कोरे मिळतात. विक्रेता मुद्दाम फसवतोय असंही नाही हां, त्यालाही कोणीतरी तशीच विकली असेल. गाडी वाईट नाही, सी कोड चालवायला झकास असते, पण पैसे सी कोडचे द्या, जीटीचे नाही.

‘नंबर्स मॅचिंग’चंही, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळण्याचंही, तसंच. १९६८ च्या आधी फोर्डने साध्या इंजिनांच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकलेला नसायचा, फक्त के कोडवर असायचा. मग जुळवणार काय? फार तर ब्लॉकवरचा कास्टिंगचा तारीख-कोड बघून इंजिन त्या काळातलं आहे की नाही एवढंच कळेल. कोणी म्हणालं मार्टी रिपोर्ट (गाडी फॅक्टरीतून कशी निघाली ते फोर्डच्या नोंदींवरून सांगणारा) मागव, तर तो १९६७ पासूनच्याच फोर्डचा मिळतो, तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही तीन जागा ताडून बघा: टायटलचा (मालकीचा) कागद, ड्रायव्हरच्या दारावरची प्लेट, आणि बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हर साइडच्या आतल्या फेंडर एप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला नंबर. दारावरची प्लेट नवी बनवून मिळते, त्यामुळे भरवसा एप्रनवर ठेवायचा.

आता गंज. या मस्टँगचं खरं दुखणं म्हणजे काउल, विंडशील्डच्या खाली जी जाळी दिसते ना, ती जागा. जाताना पाण्याची मोठी बाटली आणि टॉर्च घेऊन जा, विक्रेत्याला विचारून दोन्ही बाजूच्या जाळीत हळूहळू पाणी ओता आणि लगेच आत डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. पाणी बाहेर फेंडरमागून गेलं पाहिजे. कार्पेटवर ठिबकलं की समजायचं काउल सडलंय, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे पुढचे फेंडर काढा, स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिल करा, अख्खं पॅनल उचला, लाल रंग कितीही चकचकीत असला तरी हे चुकत नाही. विक्रेता पाणी ओतू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे, सरळ घरी या. पाणी ठीक गेलं तर मग गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्क बॉक्स, फ्रेम रेल (खालच्या सांगाड्याचे भाग) बघा, आणि कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला लावून बघा, चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे.

घेतलीत तर पहिला खर्च ब्रेकवर करा, ६५ ला मास्टर सिलिंडर सिंगल सर्किटचा असतो, एक लाइन फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ड्युअल बसवून घ्या, किंमत कमी होईल वगैरे ऐकू नका. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला), रोजच्या गाडीसारखा नको.

आणि हो, मेटचेन नाव असलं तरी तो प्लांट तुमच्या एडिसनमध्येच रूट वनवर होता, २००४ ला बंद पडला, आता तिथे एडिसन टाऊन स्क्वेअर आहे. तुम्ही तिथे शॉपिंगला जात असाल. ही नाही जमली तर घाई नको, ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात हर्शीला जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो, तिथल्या कार कोरलमध्ये ओळीने गाड्या विकायला उभ्या असतात, हात लावून बघता येतात. ऑनलाइन लिलावापेक्षा मला ते केव्हाही बरं वाटतं.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास): १९५५ ची शेव्हरोले ३१०० पिकअप बघितली. एकजण म्हणतो ही ५५ च नाही, बॉडी जुनी आहे. शिवाय टायटल नाही, फक्त बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) देतो म्हणतात. सोडून देऊ का?

उत्तर: ५५ साली दोन वेगळ्या पिकअप आल्या, तो एकजण तिथेच अडकलाय. वर्षाच्या सुरुवातीला जुनीच गोल बॉडी चालू होती, ती फर्स्ट सिरीज, ६ व्होल्टची. मार्चच्या शेवटी सेकंड सिरीज आली, कडेला वळलेली पॅनोरमिक काच, नवं ग्रिल, १२ व्होल्ट. त्यामुळे जुनी बॉडी असूनही ५५ असू शकते. आणि जुन्या बॉडीत १२ व्होल्ट दिसलं तर कोणीतरी बदललंय, ते चालतं, उलट सोयीचं, फक्त वायरिंग नीट केलंय का बघा. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, दार बंद करून पाच मिनिटं बसा, वास आला तर होज आणि टाकी दोन्ही तपासा. गंज केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत आणि फूटबोर्डला. स्टॉक गिअर असेल तर फ्रीवेवर ५५ मैलांच्या वर नेऊ नका, इंजिन बोंबलायला लागतं.

टायटलचं म्हणाल तर टेक्सासमध्ये बाँडेड टायटल (हमीवर मिळणारा मालकीचा कागद) मिळतं, ठरवलेल्या किमतीच्या दीडपट रकमेचा शुअरिटी (हमीचा) बाँड, तीन वर्षांसाठी. बाँडचा हप्ता त्या रकमेच्या मानाने बराच कमी असतो. पण आधी गाडी चोरीची नाही ना, कोणाचं कर्ज नाही ना हे बघा, आणि या कटकटीचे पैसे भावातून कापून घ्या. केबिनवरची व्हीआयएनची प्लेट गायब असेल तर मात्र मी तरी हात लावणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगा डेट्रॉइटला आहे, तिकडून १९५७ ची शेव्हरोले पाठवतो म्हणतोय. इथे पासिंग होईल का?

उत्तर: काका, पासिंगचं म्हणाल तर २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी व्हीए सिरीज आहे, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पण रोज बाजारात न्यायला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. खरी अडचण त्याआधीची. आयातीचे नियम बदलत असतात, ड्युटी न् टॅक्स धरून गाडीच्या किमतीहून जास्त पैसे जातात, वर स्टिअरिंग डावीकडे. मुलाला म्हणावं पैसे द्यायच्या आधी कस्टम्सच्या एजंटकडून सगळं लेखी घे. त्यापेक्षा इथेच शोधा की! जनरल मोटर्सचा प्लांट मुंबईत शिवडीला होता, कुर्ल्याला प्रीमियरने डॉज, प्लिमथ जोडल्या, उजव्या स्टिअरिंगच्या. त्यातल्या काही अजून गॅरेजांत पडून आहेत. सापडली तर आरसी बुकवरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का बघा, बहुतेक वेळा गाडी आजोबांच्या नावावर असते आणि विकायला नातू उभा असतो, अशा वेळी सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.