वाचक विचारतात : बुसानचा केसीसी एजिस मूळचा कुठला?

प्रश्न : बुसानचा ‘केसीसी एजिस’ हा बास्केटबॉल संघ पूर्वी दुसऱ्याच शहराचा होता असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : होय, खरे आहे. दक्षिण कोरियात संघाची मालकी उद्योगसमूहाकडे असते आणि संघाच्या नावात शहराच्या जोडीने त्या समूहाचेही नाव येते. त्यामुळे मालक किंवा गाव बदलले की नावही बदलते. 1997 मध्ये तेथील व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा हा संघ ह्युंदाई समूहाचा होता, देजॉन शहरातून खेळत असे, आणि 1997-98 व 1998-99 अशी सलग दोन विजेतेपदे त्याने पटकावली. 2001 मध्ये तो केसीसी या समूहाकडे गेला आणि जोन्जू येथे स्थिरावला. तेथे त्याला आणखी तीन विजेतेपदे मिळाली; त्यांपैकी 2009 व 2011 च्या यशात ‘हा सुंग-जिन’ या 221 सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूचा मोठा वाटा होता. एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला तो पहिला कोरियन खेळाडू.

मात्र नव्या क्रीडागृहाचे काम रखडले, त्यावरून नगरप्रशासनाशी बिनसले आणि 2023 मध्ये, तब्बल 22 वर्षांनंतर, संघ जोन्जू सोडून बुसानला गेला. इतकी वर्षे घरच्यासारखे प्रेम करणाऱ्या तेथील प्रेक्षकांवर हा अन्यायच झाला, असे आम्हाला मनापासून वाटते. 2021 मध्ये आपला संघ सुवॉन शहराला गमावलेल्या बुसानने मात्र या पाहुण्याला लगेच आपलेसे केले. साखळीत पाचव्या क्रमांकावर राहूनही 2024 मध्ये एजिसने विजेतेपद जिंकले; लीगच्या इतिहासात पाचव्या स्थानावरील संघाने असा पराक्रम प्रथमच केला होता. अंतिम फेरीत हरवले तेही सुवॉनच्या त्याच संघाला!