सातव्या आठवड्यातल्या उलट्या: आधी वजन करा

ताई, तुमची पोस्ट वाचली. गरोदरपणाचा सातवा आठवडा, फोडणीचा वास आला की उमासे, सासूबाई म्हणतात पित्त झालंय, आणि दवाखान्यात सांगतात, "सगळ्यांनाच होतं." हे शेवटचं वाक्य आमच्याही घरानं ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

हे पित्त नाही. वार (म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) तयार होताना जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. 2023 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात हे कमी असतं तिला ही अचानक वाढ जास्त बाधते. म्हणून "तुझ्या जावेला तर काहीच झालं नव्हतं" हे बोलणं मनावर घेऊ नका. साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत त्रास चढतो, बहुतेकींना 16 ते 20 आठवड्यांत उतार पडतो.

आता मुद्द्याचं. आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एका दवाखान्यात वजनच न केल्यामुळे. नाव घेत नाही. वजनकाटा ओपीडीच्या दारातच, पण दर खेपेला "उलट्या किती झाल्या?" एवढं विचारून परत पाठवायचे. नुसत्या उलट्यांच्या आकड्यावरून सगळं कळत नाही हो! दिवसाला आठ उलट्या होऊनही एखादीच्या पोटात पाणी ठरतं, दुसरीला तीनच होतात पण घोटही राहत नाही. दिवस जाण्याआधीच्या वजनातून 5 टक्के गेलं की ते साधं राहिलं नाही. म्हणजे 48 किलोची बाई 45.6 वर आली की थांबायचं नाही. घरी एकच काटा, सकाळी लघवी करून, आठवड्यातून दोनदा, वहीत लिहून न्या. आणि लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की उतरणारं द्रव्य) बघा असं स्वतःहून म्हणा. पट्टीची तपासणी आहे, लगेच होते.

आठ तास लघवीच नाही, लघवी गडद झाली, उठल्यावर अंधारी येते, यातलं काही असेल तर त्याच दिवशी ॲडमिट व्हा. उलट्या कित्येक दिवस चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-1) इंजेक्शन देणार का, हे विचारा. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

तुम्हाला दिलेली डॉक्सिलामिन आणि बी-6 ची गोळी दिवसा घेतल्यावर झोप येते म्हणता. ती गोळी उशिरा विरघळणारी असते. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. सहसा रात्री झोपताना देतात, म्हणजे सकाळी काम करते. चावू नका, कुटू नका. डोस डॉक्टरच ठरवतील.

लोहाची गोळी आत्ताच सुरू केली असेल तर विचारा. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड महत्त्वाचं. लोह सहसा त्यानंतर देतात, आणि त्यानं मळमळ वाढते.

खाण्याचं बोलायचं तर उशाशी ज्वारीच्या लाह्या किंवा मुरमुरे ठेवा, चार दाणे चघळून पंधरा मिनिटांनी उठा. पोट रिकामं ठेवू नका. गरम भाजीपेक्षा गार भाकरी-दही सोसतं, कारण गार अन्नाला वास कमी. फोडणी दुसऱ्या कुणीतरी घालावी, यात लाजण्यासारखं काही नाही. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, चमच्या-चमच्यानं. उन्हाळ्यात तर नक्कीच.

मळमळीवर मिश्री लावायला सांगणारे आपल्याकडे खूप भेटतील. ती तंबाखू आहे, बाळाचं वजन घटतं. अजिबात नको. उलटीनंतर लगेच ब्रशही नको, आम्लानं दात मऊ झालेले असतात; साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.

आणि ताप, पोटात दुखणं, डोळे पिवळे किंवा लघवीला जळजळ असेल, तर ते डोहाळे समजून घरी बसू नका.