निवृत्तीनंतर शेजारच्या कुटुंबाची मुले सांभाळावीत का?

नोकरी संपल्यानंतर दिवस रिकामा वाटू लागला आहे, शेजारच्या नोकरदार दांपत्याची मुले सांभाळायला मदत केली तर मन रमेल का आणि या वयात ते झेपेल का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः निवृत्तीनंतर दोन कुटुंबांची मुले शाळा सुटल्यापासून त्यांचे आईवडील घरी येईपर्यंत सांभाळते. त्या अनुभवावरून सांगते, की मन निश्चित रमेल; झेपेल की नाही, हे मात्र आपण वेळेची मर्यादा किती काटेकोरपणे पाळता यावर अवलंबून आहे.

निवृत्तीनंतर काम सुटल्याचे दुःख फार काळ टिकत नाही. आपल्यावाचून कोणाचेच अडत नाही, ही जाणीव अधिक सलते. वाचन, फिरणे, बागकाम हे सारे आनंदाचे असले, तरी ते एखाद्या दिवशी राहून गेले तर कोणाला कळतही नाही. शाळा सुटल्यावर फाटकापाशी कोणी उभे नसेल, तर एका मुलाचे खरोखरच अडते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी पुढच्या पिढीसाठी काही करण्याची ओढ ही प्रौढ वयाची मूलभूत गरज मानली होती, आणि ती गरज निवृत्तीच्या तारखेला संपत नाही, असे मला मनापासून वाटते.

आपल्यापाशी असलेली आणि तरुण आईवडिलांपाशी नसलेली गोष्ट म्हणजे सवड. मी सांभाळते त्यांतल्या धाकट्याला बुटाची नाडी स्वतःच बांधायची असते. तो जीभ दातांत धरून एक फास करतो, दुसरा करेपर्यंत पहिला सुटतो, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. सकाळच्या घाईत त्याच्या आईला ती नाडी स्वतः बांधून टाकावी लागते, यात तिचा काही दोष नाही. मला संध्याकाळी शेजारी नुसते बसून राहता येते.

मर्यादेविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन. मेलबर्न येथील वयस्क स्त्रियांच्या एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सर्वांत चांगली आढळली, तर पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्यांची एका चाचणीत लक्षणीय कमी आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही थकलेल्या माणसाच्या हाती मूल सुरक्षित नसते, हे समजायला अभ्यासाची गरज नाही. वार आणि वेळ आधीच ठरवावी, आणि मोबदला घ्यायचा की नाही हेही संकोच न करता सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

मूल अगदी लहान असेल, तर आपल्या काळातील काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतील. अनेक देशांत पूर्वी तान्ह्या बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला दिला जात असे; उताणे झोपवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली सुरू झाल्यानंतर तेथील बाळांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू झपाट्याने घटले. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, हेही आता पक्के ठाऊक आहे. घशात काही अडकल्यास करायचे प्रथमोपचार प्रशिक्षकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावेत. मूल आपल्या घरी येणार असेल, तर सर्वांत आधी स्वतःची औषधे पाहावीत. आपल्याला सहज उघडता यावी म्हणून घेतलेली गोळ्यांची डबी मुलालाही तितकीच सहज उघडता येते, आणि मधुमेहावरील काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. ती डबी कुलपात ठेवावी.

मूल कसे वाढवायचे याचा अंतिम शब्द आईवडिलांचा असतो. पडद्यासमोर किती वेळ बसू द्यायचे, हट्ट केल्यास काय करायचे, याबाबत आपले मत वेगळे असले तरी ते मुलासमोर बोलू नये. फारच खटकले तर आईवडिलांशी एकांतात बोलावे. तसेच काही बिघडले, मूल पडले, खरचटले, तर ते त्याच दिवशी आपणहून सांगावे, कारण आपल्यावरील विश्वास त्यावरच टिकतो.

सुरुवातीचे काही दिवस आई किंवा वडील घरी असतानाच जावे, म्हणजे मुलाला आपली सवय होते आणि आपल्यालाही त्याचे वेळापत्रक कळते. त्यानंतर आठवड्यातून एक-दोन दिवस घ्यावेत. आपण आजारी पडल्यास मुलाला कोण घेऊन येणार, हे त्या आईवडिलांना पहिल्याच भेटीत विचारावे.